यो ला टेंगो आणि व्हेल्वेट अंडरग्राउंड: गाण्यांच्या जोड्या सुचवा

निशाचर:
गेली काही वर्षं यो ला टेंगो हा अमेरिकन रॉक बँड भरपूर ऐकतेय. त्यांच्यावर साठच्या दशकातल्या व्हेल्वेट अंडरग्राउंड या बँडची छाप आहे असं जिथे तिथे वाचलं, पण व्हेल्वेटचा १९६७चा पहिला अल्बम सोडला तर माझी पाटी कोरीच. म्हणून एक प्लेलिस्ट करायला घेतलीय. एक गाणं यांचं, लगेच पाठोपाठ एक त्यांचं, आणि नातं कानाला कळलं पाहिजे. आत्तापर्यंत एकच जोडी जमली: 'ब्लू लाइन स्विंगर' (१९९५) आणि 'हेरॉइन'. दोन्ही चाचपडत सुरू होतात आणि बघता बघता वादळ होतात. पुढे काय घेऊ? यो ला टेंगोच्या 'ऑटम स्वेटर'ला जोडीदार हवाच आहे.

मंद्रसप्तक:
जोडी झकास आहे. 'हेरॉइन' पुन्हा ऐकाल तेव्हा गिटार सोडून फक्त व्हेल्वेटची ड्रमर मो टकर हिचा ताल ऐका. ती उभी राहून वाजवायची, बास ड्रम आडवा ठेवून, त्यावर मऊ डोक्याच्या काठ्या, आणि झांजा जवळपास नाहीतच. त्यामुळे ताल चमकत नाही, नुसता धडधडतो. गाण्याचा वेग वाढतो, उतरतो, पुन्हा वाढतो, तो तिच्या हातांतून. लोक छाप शोधायला गिटारच्या गोंगाटात जातात. मला ती ड्रमपाशी जास्त सापडते, कारण यो ला टेंगोतही जॉर्जिया हबली ड्रम वाजवते आणि गाते.

म्हणून माझी पहिली शिफारस: 'टिअर्स आर इन युअर आइज' (२०००) आणि 'पेल ब्लू आइज' (१९६९). आवाज न चढवता दुःख सांगायचं, वाद्यांनी मधे मधे करायचं नाही, ही शिस्त दोन्हीकडे आहे. दुसरी: 'नोव्हेअर निअर' (१९९३) आणि 'आफ्टर अवर्स' (१९६९). 'आफ्टर अवर्स' मो टकर स्वतः गाते. ते गाणं इतकं निरागस आहे की आपल्या तोंडी शोभणार नाही, असं व्हेल्वेटचा गायक-गिटारवादक लू रीड याचं मत होतं. तिच्या आवाजात कुठलीही तालीम ऐकू येत नाही, आणि जॉर्जियाच्या गाण्यात मला नेमकं तेच आवडतं.

धूळपाटी:
+१. 'आय हर्ड यू लुकिंग' (१९९३) नंतर 'व्हॉट गोज ऑन' (१९६९) लावून बघा. पहिल्यात शब्दच नाहीत, एकच चाल फिरत फिरत उंच जाते. दुसऱ्यात शब्द संपल्यावरही गिटारची तीच खरड आणि वर ऑर्गन चालूच राहतो, थांबूच नये असं वाटतं.

जाता जाता: १९९६च्या 'आय शॉट अँडी वॉरहॉल' चित्रपटात व्हेल्वेट अंडरग्राउंड म्हणून पडद्यावर दिसतात ते यो ला टेंगोच.

निशाचर:
हे माहीतच नव्हतं! आणि व्हेल्वेटचं 'सिस्टर रे'? सतरा मिनिटांचं आहे म्हणून अजून हात लावला नाही.

धूळपाटी:
लावा, पण जोडीत नको. त्यात बास गिटारच नाही. व्हेल्वेटच्याच जॉन केलचा ऑर्गन आणि रीडची गिटार एकमेकांना ढकलत राहतात. त्याच्या शेजारी ठेवलेलं कुठलंही गाणं दबून जातं.

मंद्रसप्तक:
'ऑटम स्वेटर'चंही ओढूनताणून जमवू नका. ते ऑर्गन, बास आणि तालावर उभं आहे, त्याची मुळं दुसरीकडे आहेत. आणि ड्रमचा धागा धरणार असाल तर व्हेल्वेटचा 'लोडेड' (१९७०) वगळा. गरोदर असल्यामुळे मो टकर त्या अल्बमवर वाजवत नाही. अल्बम सुरेखच आहे, पण ती धडधड त्यात नाही.

निशाचर:
काल रात्री 'टिअर्स' आणि 'पेल ब्लू आइज' लागोपाठ तीनदा ऐकली. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा पहिलंच पुढे चाललंय असं वाटलं. 'ऑटम स्वेटर' यादीतून काढलं. 'लोडेड' वेगळा ऐकेन. 'आफ्टर अवर्स' सगळ्यात शेवटी ठेवतेय.