ग्लादमातला आईला न्यायचंय, काय खायला घालू?

मनवा_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या तेल कंपनीतल्या नोकरीमुळे फेब्रुवारीत आम्ही नॉर्वेत स्ताव्हांगरला आलो. जुलैत आई-बाबा येतायत आणि त्याच दिवसांत इथला ग्लादमात हा खाद्यमहोत्सव आहे. आई वेंगुर्ल्याची, मासे म्हणजे जीव की प्राण. बाबांनी सहा वर्षांपूर्वी माळ घातली, त्यामुळे त्यांना अंडंही चालत नाही, आणि गुडघे दुखतात. ऑफिसातले लोक म्हणतात गर्दी फार असते आणि सगळं महाग. आईचा हा पहिलाच परदेश. तिला एखादा दिवस तरी "इथे आपलं काहीतरी आहे" असं वाटावं ही माझी धडपड. कुणी गेलंय का? काय खावं, कधी जावं?

सान्नेसची_आत्या

वयानं लहान असशील, म्हणून अगं-तुगं करते. मी अकरा वर्षं शेजारच्या सान्नेसला आहे, माहेर मालवण. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईला तिथे घेऊन गेले होते, म्हणून तुझा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले.

आधी दिवस ठरव. महोत्सव बुधवार ते शनिवार असतो. तुझी आई गुरुवार पाळत असेल तर बुधवारीच जा, आणि दुपारी बाराच्या आत. संध्याकाळी व्होगेनच्या दोन्ही काठांवर पाय ठेवायला जागा नसते. व्होगेन म्हणजे शहरात घुसलेली बंदराची चिंचोळी खाडी. एका बाजूला गावातल्या जुन्या पांढऱ्या लाकडी घरांची रांग, त्यांच्यापेक्षा उंच क्रूझ जहाज, आणि मधे तंबूच तंबू. महोत्सव 1999 पासून भरतो. आत शिरायला पैसे नाहीत, फक्त खाल त्याचे. आम्ही गेलो तेव्हा एका छोट्या ताटलीला शंभर ते दीडशे क्रोनर पडले. आईसमोर गुणून रुपये करू नकोस. माझ्या आईनं गुणलं आणि पुढचा अर्धा तास काही खाईना.

आता खाणं. कोळंबीपासून सुरुवात कर. बोटीवरच खाऱ्या पाण्यात उकडलेली असते, सालासकट, थंड. कागदी पिशवीत घालून देतात. धक्क्यावर बसायचं, एकेक सोलायची, पांढऱ्या पावावर रचायची, वर लिंबू आणि मेयोनेज. मसाला शून्य. पहिल्या घासाला माझी आई गप्प झाली. मला वाटलं, नाही आवडलं. मग म्हणाली, "गोड आसा गो." थंड पाण्यातली कोळंबी सावकाश वाढते, तिला खरंच गोडवा असतो. तिखटमिठाचा डबा मी पर्समध्ये नेला होता, आईनं तो उघडलाच नाही.

मग बांगडा. इथे माक्रेल म्हणतात. आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, पण पाठीवर वेड्यावाकड्या हिरव्या-काळ्या रेघा आणि चरबी दुप्पट. उन्हाळा हाच त्याचा हंगाम. तव्यावर भाजून आंबट साय आणि काकडीबरोबर देतात. आईनं विकणाऱ्याला खुणेनं सांगून कच्चा मासा मागितला, कल्ला उघडून पाहिला, बोटानं पोट दाबलं. तोही समजला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी दहा मिनिटं तिथेच. तिरफळाची आठवण तिनं काढलीच.

क्लिपफिस्क म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. त्याचा टोमॅटोतला रस्सा मिळाला तर घ्या. खाऱ्या माशाची चव कोकणातल्या माणसाला शिकवावी लागत नाही.

बाबांसाठी मात्र जपून. कोम्ले म्हणून बटाट्याचे गोळे दिसतील, गुरुवारी इथे घरोघरी करतात, पण ते बहुतेक मटणाच्या पाण्यात शिजवलेले असतात. व्हाफल म्हणजे वॉफल, त्यात अंडं. त्यांना स्ट्रॉबेरी द्या, जुलैत इथली स्ट्रॉबेरी भरात असते. नवे बटाटे, फिन्नॉय बेटावरचे टोमॅटो. आणि घरून पोळी-भाजीचा डबा न्याच. खाडीच्या टोकाला बाराव्या शतकातलं डोमशिर्के चर्च आहे, त्याच्या बाजूला बसायला जागा मिळते.

रोहन_बर्गन

आत्यांनी सगळं सांगितलंच. छत्री नको, वाऱ्यात उलटी होते, टोपीवाले रेनकोट घ्या. रोख पैसेही नकोत, कार्ड सगळीकडे चालतं. मला स्ताव्हांगरच्या खाण्याबद्दल मनापासून आदर आहे. एवढ्याशा शहरातल्या रे-ना या हॉटेलाला 2016 मध्ये आणि साबी ओमाकासेला 2017 मध्ये मिशलिनचा तारा, म्हणजे उत्तम जेवणाचा मान, मिळाला. यामागे फक्त तेलाचा पैसा नाही. तेलाच्या आधी हे गाव डब्यातल्या माशांवर जगायचं. ब्रिसलिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला लहान मासा, तो धुरावून तेलात भरायचा. असे पन्नासहून जास्त कारखाने होते, आणि कामाला बहुतेक बायका. डब्यावरच्या रंगीत कागदाला इथले लोक "इद्दिस" म्हणतात, तो गोळा करण्याचा मुलांना नाद होता. तंबूत धुरावलेला ब्रिसलिंग दिसला तर मनवाताई, आईंना हे नक्की सांगा.

मनवा_वेंगुर्ला

आत्या, तुम्ही लिहिलेलं रात्री फोनवर आईला वाचून दाखवलं. तिनं एकच विचारलं, "सुंगटांच्या डोक्यांचा काय करतत?" म्हणजे कोळंबीच्या.

सान्नेसची_आत्या

टाकतात गं, सगळी कचऱ्यात! माझ्या आईनंही तेच विचारलं होतं. "ही टाकतत? मगे सार कशाचा करतत?" मग तिनं आमची सगळी सालं आणि डोकी त्याच कागदी पिशवीत गोळा केली. शेजारी बसलेलं एक नॉर्वेजियन जोडपं बघत होतं. मी मोडक्यातोडक्या नॉर्वेजियनमध्ये कारण सांगितलं, तर त्या बाईनं त्यांचीही पिशवी आईच्या हातात दिली. घरी येऊन ती डोकी ठेचून, पिळून आईनं सार केलं, कोकम मी मालवणहून आणलेलं होतंच. रात्री साडेदहाला अजून उजेड होता आणि आम्ही खिडकीत बसून सारभात जेवत होतो. तुमचं जायचं ठरलं की मला कळव, कोकम मी घेऊन येईन.