मानेतली दबलेली नस : आपापले उपचार, आपापले अनुभव

मानेच्या मणक्यांतून हाताकडे जाणारी नस दबल्यावर एकजण गोळ्या आणि व्यायामाने बरा होतो, तर दुसऱ्याला शस्त्रक्रिया करावी लागते. आपल्या बाबतीत कोणत्या टप्प्यावर कोणता उपचार झाला आणि त्याने नेमके काय बदलले, ते कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

निवृत्त शिक्षिका, फोंडा

उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत उजव्या खांद्यामागून निघालेली कळ अंगठ्यापर्यंत जाऊ लागली. रात्री हात डोक्यावर ठेवूनच झोप लागे. एमआरआयमध्ये पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती सरकून सहाव्या नसेवर आलेली दिसली. हाताची ताकद शाबूत असल्यामुळे डॉक्टरांनी घाई करू दिली नाही. अशा बहुतेक रुग्णांना ६ ते १२ आठवड्यांत उतार पडतो, असे त्यांनी समजावले. रात्री प्रीगाबालिन हे नसेच्या दुखण्यावरचे औषध सुरू झाले. त्याने गुंगी येई, म्हणून स्कूटर चालवणे मी थांबवले. कॉलर दहा दिवसच वापरली, कारण ती फार दिवस ठेवल्यास मानेचे स्नायू दुबळे होतात. फिजिओथेरपीत हनुवटी सरळ मागे घेण्याचा साधा व्यायाम शिकवला, तो मी आजही करते. नवव्या आठवड्यात कळ थांबली.

बागायतदार, वाळपई

माझी गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगणे मला अगत्याचे वाटते. काजूच्या हंगामात मान धरली, तेव्हा शेजारच्या गावातील एका माणसाकडून ती मोडून घेतली. त्यानंतर हात अधिक बधिर झाला, तरी मी दोन महिने तेल चोळत राहिलो. पुढे सदऱ्याची बटणे लागेनात आणि बांधावरून चालताना तोल जाऊ लागला. हे नुसते नस दबणे नसून मज्जारज्जूवर दाब आल्याचे लक्षण आहे, हे मला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम समजले. शस्त्रक्रिया गळ्याच्या पुढच्या बाजूने झाली. खराब चकती काढून त्या जागी आधार बसवला आणि दोन मणके पट्टीने जोडले. दुसऱ्या दिवशी हातातली कळ नव्हती. मात्र गिळताना दोन आठवडे त्रास झाला, आवाज घोगरा राहिला आणि बोटांचा बधिरपणा पूर्ण गेलेला नाही. दाब फार दिवस राहिला की नस पूर्वपदावर येईलच असे नसते, असे डॉक्टर म्हणाले. ते दोन महिने मला अजून सलतात.

बँक कर्मचारी, मडगाव

मला सहा आठवडे औषधांनी गुण आला नाही, तेव्हा क्ष-किरणांच्या साहाय्याने नसेच्या मुळाशी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. मला मधुमेह असल्यामुळे पुढचे काही दिवस साखर वाढली. ती रोज तपासावी लागेल, याची कल्पना आधीच दिली होती. इंजेक्शनने चकती जागेवर येत नाही, परंतु सूज उतरली आणि ज्या व्यायामांना मान वळत नव्हती ते करता येऊ लागले.

गृहिणी, म्हापसा

डावा हात दुखत होता, म्हणून प्रथम ईसीजी काढला. तो ठीक आल्यावरच मानेकडे लक्ष वळले. हा क्रम योग्यच होता, असे मला वाटते.

पखवाजवादक, डिचोली

माझ्या बोटांना येणाऱ्या मुंग्यांचे खापर वर्षभर मानेवर फुटले. नसांची विद्युत तपासणी केल्यावर मनगटातली नस दबल्याचे निष्पन्न झाले आणि रात्री मनगटाला पट्टा बांधल्यावर मला आराम पडला.

पेडण्याहून एका ताईंचा प्रश्न

मानेला वजनाचा ताण देण्याचे साधन घरी आणून लावावे काय?

निवृत्त शिक्षिका, फोंडा

ताई, मला ताण फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली दिला होता आणि वजनही त्यांनीच ठरवले होते. तपासणीपूर्वी आपण होऊन लावू नये. आपल्या हाताची पकड सैल झाली आहे काय, चालताना तोल जातो काय, लघवीवरचा ताबा सुटतो काय, हे आधी कळवावे. यांतले एकही लक्षण असल्यास पुढच्या आठवड्याची वाट न पाहता उद्याच बांबोळीला जावे. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचे, म्हणजे दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे, कार्ड सोबत असू द्यावे आणि खाजगी रुग्णालयात जायचे ठरल्यास, तिथे ते चालते काय, याची चौकशी भरती होण्यापूर्वीच करावी.