२५ मिनिटांचा टायमर लावून अभ्यास करणारे कोणी आहे का? मधेच वाजतो त्याचं काय करता?

वऱ्हाडी_पुण्यात
राज्यसेवेची तयारी चालूये, सदाशिव पेठेत अभ्यासिका लावलीय. मित्राच्या सांगण्यावरून टायमर अ‍ॅप टाकलं, २५ मिनिटं अभ्यास ५ मिनिटं ब्रेक वालं. इतिहास, पॉलिटी वाचताना बरं चालतं पण सीसॅटची (पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर) गणितं घेतली की नेमकं ऐन रंगात आल्यावर वाजतं, मग परत डोकं लागेपर्यंत वेळ जातो. ब्रेकमधे फोन हातात आला की रील्स चालू, ५ चे २० कधी होतात कळत नाही. आणि स्क्रीन बंद असली की कधी कधी वाजतच नाही राव. अ‍ॅप बदलू का हा प्रकारच सोडून देऊ?

कोपऱ्यातली_खुर्ची
न वाजण्याचं सोपंय. बॅटरी वाचवायला फोनच ते अ‍ॅप मागून बंद करतो. सेटिंगमधे अ‍ॅप्स, मग ते अ‍ॅप, मग बॅटरी, तिथे अनरिस्ट्रिक्टेड कर. शाओमी असेल तर ऑटोस्टार्टपण चालू कर. आणि व्हायब्रेटवर ठेवून फोन टेबलावर नको ठेवूस, अख्खी अभ्यासिका वळून बघते.

सीसॅट_पीडित
भावा २५ चा आकडा काही कुठे कोरून ठेवलेला नाहीये. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने कॉलेजात असताना, १९८० च्या दशकाच्या शेवटी, टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून हे सुरू केलं. त्यात ४ राउंड झाले की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी असते, ती बरेच जण घेतच नाहीत आणि मग दुपारी डोकं चालत नाही म्हणतात.
आता तुझ्या गणिताचं. सीसॅटला ८० प्रश्न आणि २ तास, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. २५ मिनिटांत साधारण १६ प्रश्न बसतात. तेवढेच मोजून घे आणि मग टायमर लाव, वाजला की पेन खाली, उरलेले नंतर बघायचे. मग तो मधे वाजतोय असं वाटणारच नाही, तीच तुझी परीक्षा. लवकर संपले तर उरलेल्या वेळात चुकलेले तपास, ब्रेक आधी घेऊ नको.
मेन्सचं, म्हणजे मुख्य परीक्षेचं, मात्र वेगळं. आता वर्णनात्मक आहे, ३ तास बसून लिहायचं, तिथे दर २५ मिनिटांनी उठायची सवय नडेल. उत्तर लेखनाला ५०-१० कर आणि मधून मधून पूर्ण ३ तासांचा पेपर टायमर न लावता सोडव.

चहा_कमी_साखर
वरचं पटलं, पण रील्सवर कोणी बोललंच नाही. फॉरेस्ट अ‍ॅपमधे टायमर लावला की स्क्रीनवर झाड लागतं, मधेच दुसरं अ‍ॅप उघडलं की झाड मरतं. पण ते अभ्यासापुरतं झालं, ब्रेकमधे तू मोकळाच ना. म्हणून ब्रेकला फोन बॅगेत. खाली जा, पाणी भर, लांबचं काहीतरी बघ, डोळ्यांना बरं वाटतं. चहा मात्र मोठ्या सुट्टीत, ५ मिनिटांत टपरीवरून कोणी परत येत नाही, आपल्याकडे तर नाहीच 😄

वऱ्हाडी_पुण्यात
१६ प्रश्नांचं भारी आहे, उद्या लावतो. पण फोन बॅगेत असेल तर ब्रेक संपला हे कळणार कसं?

चहा_कमी_साखर
काउंटडाउनवालं साधं डिजिटल घड्याळ घे मनगटावर. बीप बंद होतो का ते दुकानातच बघून घे.