रोजची दाढी आणि मानेवरच्या पुटकुळ्या: स्क्रब दाढीआधी, नंतर, की नकोच?

अंत्रुजकर

गोव्यात फोंड्याजवळ राहतो, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात कामाला आहे. आमच्या विभागात पावडर हाताळावी लागते, त्यामुळे तोंडावर रबरी कडेचा हाफ मास्क असतो. खुंट राहिले की तो नीट बसत नाही, म्हणून दाढी रोज तुळतुळीत हवी. नाहीतर सुपरवायझर दारातूनच परत पाठवतो. तेव्हा ‘दाढी वाढव’ हा सल्ला कृपया देऊ नका.

माझे केस दाट, राठ आणि कुरळे आहेत. गालावर काही त्रास नाही. जबड्याखाली, गळ्याच्या दोन्ही बाजूंना मात्र लालसर पुटकुळ्या येतात. काहींमध्ये कातडीच्या आत गोल वळलेला काळा केस स्पष्ट दिसतो. मे महिन्यापासून त्रास वाढलाय. कॉलर घासली की चुरचुरतं, आणि बसलेल्या पुटकुळ्यांच्या जागी काळे डाग राहतात.

सध्या पहाटे कंपनीची बस पकडायच्या आधी असं चालतं: तोंड धुवायचं, अक्रोडाच्या सालीचा स्क्रब चोळायचा, डब्यातला फोम लावायचा, तीन पात्यांचं रेझर आधी सुलटं, मग उलटं, आणि वर आफ्टरशेव. मित्र म्हणतो स्क्रब दाढीनंतर कर, अडकलेले केस सुटतात. बहीण म्हणते सॅलिसिलिक ॲसिड लाव. आई म्हणते मसुराचं पीठ लाव. रोज दाढी करणाऱ्या माणसाने मेलेली कातडी काढायची तरी केव्हा?

तिसवाडीकर

साखर आणि लिंबाचा रस मिसळून दाढीआधी पाच मिनिटं चोळा. स्वस्त आणि घरगुती. माझी कातडी एकदम मऊ होते.

म्हापशातलं सलून

अंत्रुजकरबाब, लिंबू मानेला लावू नका. तिसवाडीकर, राग मानू नका, तुम्हाला सोसत असेल. पण लिंबाचा रस राहिलेल्या कातडीवर आपल्याकडचं ऊन पडलं की भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात, आणि मागे राहणारे डाग आठवडेच्या आठवडे जात नाहीत. ह्यांची मान आधीच सोलवटलेली आहे.

म्हापशाला बाजाराजवळ आमचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मी आधी हनुवटी वर करून मान बघतो, मगच वस्तरा हातात घेतो. तुम्ही सांगताय तशी मान मी रोज बघतो. जास्त करून हॉटेलात कामाला असलेल्या पोरांची. त्यांनाही रोज दाढी करावी लागते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. पातं केस तर कापतंच, पण त्याबरोबर कातडीचा वरचा मेलेला थरही खरवडतं. एक हात फिरवून झाला की पात्यावरचा फेस बोटावर घेऊन बघा. केसांच्या भुकटीबरोबर जो पांढुरका कीस दिसतो तो नुसता साबण नसतो, तुमची कातडीही त्यात असते. म्हणजे दाढी हाच एक स्क्रब झाला. तुम्ही त्याआधी अक्रोडाची साल घासता, मग पात्याचे दोन हात, आणि त्यावर आफ्टरशेव. आफ्टरशेवमध्ये बहुतेक वेळा स्पिरिटच असतं. एवढ्याशा जागेवर पहाटेच्या पंधरा मिनिटांत हा सगळा मारा होतो, तोही रोज. असं सारखं घासत राहिलं की कातडी स्वतःला वाचवायला अजून जाड होते, केसाचं तोंड बुजतं, आणि आपण म्हणतो स्क्रब कमी पडला.

म्हणून अक्रोडाचा डबा आधी बाजूला ठेवा. त्या सालीच्या कणांना धारदार, वेडेवाकडे कोपरे असतात, सुजलेल्या पुटकुळीला ते ओरबाडतात. दाढीनंतर स्क्रब तर अजिबातच नको. नुकत्याच पातं फिरलेल्या कातडीवर काहीही घासायचं नसतं.

मेलेली कातडी काढायची ती रात्री. कामावरून आल्यावर आंघोळीच्या वेळी मऊ सुती पंचा कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि मानेवर हलक्या हाताने गोल गोल फिरवा. अर्धा मिनिट पुरे. कातडी लाल झाली तर जोर जास्त झाला असं समजा. दिवसभराचा घाम आणि मास्कच्या पट्ट्यांखालचा मळ त्याच वेळी निघतो, आणि सकाळपर्यंत कातडीला शांत व्हायला वेळ मिळतो. हेही रोज नको, एक रात्र आड करा. सकाळी फक्त पाणी, फेस आणि पातं.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि माझ्या मते तुमचं खरं दुखणं तिथेच आहे. सुट्टीला जोडून एक दिवस दाढी करू नका. खुंट जरा वर आले की बोटाचं टोक मानेवर चारही दिशांना फिरवा, एका वेळी नाण्याएवढी जागा. जिथे बोट सरळ सरकतं ती केसाची दिशा. जिथे खरखरीत लागून अडतं ती उलटी. कितीतरी जणांच्या गळ्यावर केस खालून वर वाढतात, किंवा कंठमण्याच्या बाजूने आडवे कानाकडे जातात. म्हणजे जबड्याकडून खाली ओढलेला हात तुम्ही सुलटा समजता आणि तो असतो उलटा. त्यावर दुसरा हात मारता, म्हणजे त्याच जागेवरून पातं पुन्हा फिरतं. असल्या मानेवर मी केसाच्या दिशेने एकच हात मारतो. एरवी आम्ही अंगठ्याने कातडी ताणून धरतो, पण इथे ताणत नाही. ताणलेली कातडी सोडली की कापलेला केस आत जातो आणि वाकडा वाढला की बाहेर यायची वाट त्याला सापडत नाही.

फोमचा डबा संपला की ब्रश आणि साधं क्रीम घ्या. ब्रशने केस उभा राहतो आणि तेवढ्यानेच वरची सुटी कातडीही निघते. कोमट पाण्यानंतर फेस दोन-तीन मिनिटं तसाच राहू द्या. राठ केसाला पाणी प्यायला तेवढा वेळ लागतो. बस चुकेल असं वाटत असेल तर फेस लावून चहा टाका, मग पातं घ्या. आणि तीन पात्यांऐवजी एक पात्याचं साधं रेझर घ्या. दुकानात आम्ही पातं कागदासकट मधोमध मोडतो आणि अर्धं वस्तऱ्यात घालतो, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन. ते एवढंसं अर्धं पातं नीट भिजलेल्या केसाला पुरून उरतं.

पेडणेकरीण

पायांच्या बाबतीत माझा अनुभव हाच आहे. आदल्या रात्री घासायचं, सकाळी पातं. आमच्याकडे अंग घासायला वाळवलेल्या घोसाळ्याची जाळी असते. पायाला ती ठीक, मानेला नको, फार खरखरीत लागते. आणि जून ते सप्टेंबर ती न्हाणीत टांगून ठेवू नये, पावसात वाळतच नाही, कुबट वास येतो आणि त्यात जंतू वाढतात. उन्हात वाळणार नसेल तर पंचाच बरा, रोज धुता तरी येतो.

दादा, आईचं मसुराचं पीठ टाकून देऊ नका. ते वस्त्रगाळ असलं आणि दुधात कालवून हलकं लावून धुतलं तर अक्रोडापेक्षा कितीतरी सौम्य. दिवाळीच्या पहाटे आपण उटणं लावतो ते असंच. फक्त फुटलेल्या पुटकुळीवर नको, आणि वाळून कडक झालेलं खरवडून काढायचं नाही, भिजवून धुवायचं.

त्वचेची डॉक्टर

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. न तपासता निदान करत नाही, पण वर्णन बऱ्यापैकी बोलकं आहे. कुरळ्या केसाच्या माणसाला रोजच्या दाढीने जे होतं त्याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. पातं केसाला तिरकं कापतं, टोक छाटलेल्या बांबूसारखं अणकुचीदार होतं. मग दोनपैकी एक होतं. केस बाहेर येतो, वळतो आणि शेजारच्या कातडीत पुन्हा घुसतो. नाहीतर तो पृष्ठभागाच्या खाली कापला गेलेला असतो आणि बाहेर न येता आतल्या आतच भिंत भेदतो. दुसरा प्रकार जास्त पात्यांच्या रेझरने वाढतो, कारण त्यांची रचनाच तशी आहे: पुढचं पातं केस किंचित वर ओढतं, मागचं कापतं, आणि उरलेला केस आत मागे जातो. दोन पात्यांचं रेझर १९७१ साली बाजारात आलं, तीन पात्यांचं १९९८ साली. गुळगुळीतपणासाठी ते उत्तम आहे, पण अशा मानेला तोच गुळगुळीतपणा महागात पडतो. सलूनवाल्या दादांचा एक पात्याचा सल्ला म्हणून मला पटतो.

बहिणीचंही बरोबर आहे. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, त्यामुळे केसाच्या तेलकट तोंडाशी साचलेल्या मेलेल्या पेशी ते न घासता सैल करतं. २ टक्क्यांपर्यंतचं घ्या. सुरुवातीला आठवड्यातून दोन रात्री, पूर्ण कोरड्या कातडीवर पातळ थर, आणि त्या रात्री पंचा नाही. दाढीनंतर लगेच लावू नका, आग होईल. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी ते वापरू नये. ग्लायकोलिक ॲसिडही चालतं, उसाच्या रसात असतं तेच हे, पण त्याने कातडी उन्हाला हळवी होते. ते लावणार असाल तर सकाळी मानेलाही एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हवं. खरं तर काळे डाग आहेत म्हणजे सनस्क्रीन तसंही हवंच. आपण ते चेहऱ्याला लावतो आणि जबड्यापाशी थांबतो.

दोन्ही ॲसिडं एकदम सुरू करू नका. तळातून निघालेल्या पेशीला वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात, तेव्हा आठ दिवसांत फरक नाही म्हणून बाटली बदलू नका.

आत वळलेला केस चिमट्याने उपटायचा नाही. पुन्हा उगवताना तो परत आतूनच टोचेल. वळलेला भाग वर दिसत असेल तर निर्जंतुक सुईने फक्त ते टोक उचलून मोकळं करा आणि तिथे थांबा.

आणि एक कळकळीची विनंती. पुरळ गोल कडेने पसरत असेल, खूप खाजत असेल, खवले दिसत असतील तर ते बुरशीचं असू शकतं. आपल्या दमट हवेत ते फार आढळतं. त्यावर स्क्रब, ॲसिड काहीच करू नका. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून तर मुळीच लावू नका. दोन दिवस बरं वाटतं आणि खाली बुरशी पसरत राहते. ती मलमं लावून लावून कातडी पातळ झालेले रुग्ण मी बघते तेव्हा फार वाईट वाटतं. पिवळा पू, गाठ किंवा ताप असेल तरही वाट बघू नका. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाची ओपीडी आहे, तिथे दाखवा.

वास्कोकर

मी गोदीत सुरक्षा विभागात आहे, मास्कबद्दल सांगतो. हाफ मास्कची कड नाकाच्या उंचवट्यावरून गालावरून हनुवटीखाली जाते. हवाबंद बसायला ती जिथे टेकते तेवढीच पट्टी तुळतुळीत लागते. कडेच्या बाहेर, खाली गळ्यावर, अर्ध्या-एक मिलिमीटरचे खुंट असले तरी मास्कच्या बसण्यात फरक पडत नाही. मास्क घालून आरशात बघा, कड कुठे येते ते बोटाने आखून घ्या. त्याखाली ट्रिमर चालवा. सुपरवायझरशी आधी बोला आणि फिट टेस्ट, म्हणजे मास्क हवाबंद बसतो का याची तपासणी, पुन्हा करून मागा. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून आणलं तर बोलणं सोपं जाईल.

अंत्रुजकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्कच्या कडेचं कोणी कधी सांगितलंच नव्हतं. घालून बघितलं. कड हनुवटीखाली दोन बोटांवर संपते आणि माझ्या बहुतेक पुटकुळ्या त्याच्या खाली आहेत!

बोट फिरवूनही बघितलं. उजव्या बाजूला केस आडवे, कानाकडे जातात. डाव्या बाजूला सरळ खालून वर. दोन बाजू वेगळ्या असतील हे डोक्यात आलंच नव्हतं. म्हणजे डावीकडे मी रोज सुलटा समजून जो हात ओढत होतो तो उलटाच होता.

डॉक्टर, खवले नाहीत, गोल कड नाही. तरी पुढच्या आठवड्यात दाखवून घेतो, चिठ्ठीही मागतो. सलूनवाले दादा, एकच राहिलं: आफ्टरशेव बंद केलं तर तुरटी चालेल का? वडील आयुष्यभर तीच लावतात.

म्हापशातलं सलून

चालेल, पण थोडी. तुरटीने कातडी आवळते आणि बारीकसं कापलेलं रक्त थांबतं. खडा ओला करून एकदा फिरवा, घासू नका, आणि मिनिटभराने थंड पाण्याने धुऊन टाका. वाळू दिली तर कातडी ओढल्यासारखी होते आणि दुसऱ्या दिवशी पातं अडतं. खडा स्वतःचा वेगळा ठेवा, वडिलांचा नको, रक्त लागलेली वस्तू दोघांत वापरायची नाही. दुकानातही मी एकच खडा सगळ्यांना फिरवत नाही.

त्यानंतर बिनवासाचं हलकं मॉइश्चरायझर लावा. खोबरेल थंडीत लावा हवं तर, पण जूनच्या दमटात मानेवर तेलाचा थर आणि त्यावर घाम असं नको.

डावी बाजू खालून वर घ्यायची तर आरशात हात उलटा चालतो, सुरुवातीला अवघड जाईल. रेझर डाव्या हातात घेऊ नका. मान उजवीकडे वळवा, हनुवटी वर, आणि उजवा हात गळ्यापुढून पलीकडे न्या. हात छोटे छोटे मारा, बोटाच्या पेराएवढे, आणि दर वेळी पातं पाण्यात हलवा. कधी म्हापशाला आलात तर दुकानात या, आरशासमोर उभं करून दाखवतो. आणि मास्कची रबरी कड रोज शिफ्टनंतर पुसता का ते सांगा. घाम वाळलेलीच कड दुसऱ्या दिवशी ताज्या दाढीवर टेकत असेल तर हनुवटीचा त्रास तिथूनही असू शकतो.

अंत्रुजकर

कपड्याने पुसतो, धुत नाही. उद्या स्टोअरमध्ये विचारतो की कोणत्या साबणाने धुतलं तर रबर खराब होणार नाही.