रिले लावले, तरी हेडलाइट मंदच: मदत हवी आहे
जुनी टू-सीटर स्पोर्ट्स कार, वर उघडणारे हेडलाइट, एच४ ६०/५५ वॉट बल्ब, बॅटरी मागे डिकीत. दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, ३० अँपिअर), २० अँपिअर फ्यूज आणि २.५ चौरस मिलिमीटर वायर टाकली. पॉझिटिव्ह बाजूची घट (वाटेत वाया जाणारं व्होल्टेज) ०.२ व्होल्टवर आली. अर्थिंगची (बल्बपासून बॅटरी निगेटिव्हकडच्या परतीच्या वाटेची) मात्र १.१! बल्बचा होल्डर ते बॉडीचा बोल्ट ०.३, पुढे बोल्ट ते बॅटरी निगेटिव्ह ०.८. रंग खरवडूनच बोल्ट आवळलाय.

इंजिन चालू असताना करंट अल्टरनेटरचा (इंजिनवर बसवलेला, वीज बनवणारा जनरेटर), म्हणजे परतीची वाट इंजिन ब्लॉकमधून. मग इंजिन-बॉडी स्ट्रॅप (दोघांना जोडणारी जाड अर्थिंग पट्टी) बदलावा, की होल्डरची अर्थिंग थेट ब्लॉकवर न्यावी? डिकीपर्यंत वेगळी वायर ओढणं मला फुकटचा खटाटोप वाटतो. शिवाय दिवे उघडणाऱ्या मोटरची अर्थिंग त्याच बोल्टवर ठेवावी का?