मदत हवी आहे: ड्रायरला दुप्पट वेळ लागतोय, थर्मोस्टॅट की हवेचा प्रवाह?

मंडळी, कपडे वाळवायचं मशीन साडेपाच किलोचं, व्हेंटेड (दमट हवा पाइपने बाहेर टाकणारं), २३० व्होल्टवर चालणारं. १२०० आरपीएमला पिळलेले तीन किलो सुती कपडे आधी सत्तर मिनिटांत वाळायचे; आता दोन तासांनंतरही जीन्सचा कमरपट्टा ओलाच असतो.

तपासलेलं असं: लिंट फिल्टरवर (कपड्यांचे सुटे तंतू, म्हणजे लिंट, अडवणारी जाळी) पाणी ओतलं तर ते जाळीवर साचत होतं. सॉफ्टनरचा थर बसला की असंच होतं, डोळ्यांना जाळी स्वच्छच दिसते. साबण आणि ब्रशने घासल्यावर पाणी सरळ खाली जातं. मागचा पाइप काढून चालवलं तर वीसेक मिनिटं वाचली, म्हणजे पाइप थोडा दोषी, पण पूर्ण नाही. प्लग काढून हीटरची एक तार सोडवून मोजलं तर २६ ओहम, म्हणजे २००० वॉटच्या हिशेबाने बरोबर. ड्रम फिरवणारा पट्टा ठीक, ड्रम नीट फिरतो.

मात्र हीटर चार मिनिटांत बंद होतो आणि पुढची सहा मिनिटं चालूच होत नाही. तेवढ्यात बाहेरची हवा कोमट पडते.

आता प्रश्न. थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला हीटर बंद करणारा स्विच) वेळेआधीच हीटर बंद करतोय, की पंख्याच्या पात्यांवर लिंट बसून हवा कमी खेचली जातेय आणि त्यामुळे हीटरजवळ उष्णता कोंडतेय? मागचं पॅनल न उघडता यातला फरक कसा ओळखायचा? ड्रमचं फेल्ट सील (कडेने हवा निसटू न देणारी पट्टी) झिजल्यानेही असं होतं का?

थर्मोस्टॅट बायपास करा असं कृपया सुचवू नका, लिंट पेट घेते.