चित्रपट काळाचा आरसा? मग १९७५चा आरसा कोणता?

मध्यंतर
'चित्रपट हा समाजाचा आरसा असतो' हे वाक्य शाळेतल्या निबंधांपासून ऐकतोय, आणि ते मला कधीच पटलेलं नाही. परवा गप्पांच्या ओघात एकजण ठामपणे म्हणाला, "'दीवार'मधला राग म्हणजे आणीबाणीचा राग." आता 'दीवार' लागला जानेवारी १९७५मध्ये आणि आणीबाणी आली २५ जूनच्या रात्री. चित्रपटाला काय स्वप्न पडलं होतं?

बरं, त्याच वर्षी 'शोले' आला, 'जय संतोषी माँ' आला आणि 'चुपके चुपके'सुद्धा. एकात डाकू, एकात देवी, एकात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर होऊन साडूची फिरकी घेतोय. यातला १९७५चा आरसा कोणता? आपण पुढच्या काळात उभे राहून आपल्या सिद्धान्ताला सोयीचा चित्रपट उचलतो आणि उरलेल्यांवर 'निव्वळ करमणूक' असा शिक्का मारतो. बोला.

जुनं रीळ
अहो, राग काय २५ जूनला जन्मला? १९७३मध्ये 'जंजीर' आला, त्यातही तोच राग. गुजरातचं नवनिर्माण आंदोलन, बिहारमधलं जेपींचं (जयप्रकाश नारायण यांचं) आंदोलन, मे १९७४चा रेल्वे संप, हे सगळं 'दीवार'च्या आधीचं. महागाई तर होतीच. आणीबाणी हा त्या अस्वस्थतेवरचा सरकारी उतारा होता. तुमच्या मित्राचं कॅलेंडर चुकलं, निदान नाही चुकलं.

आणि 'शोले' तुम्ही नुसता यादीत टाकून पुढे गेलात! मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरला ते चाललं नाही. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात, म्हणजे पायात, कसा घेईल? मग शेवट पुन्हा चित्रित झाला: ऐन क्षणी पोलीस येतात आणि ठाकूर थांबतो. चित्रपट प्रदर्शित झाला १५ ऑगस्ट १९७५ला. त्या वर्षाचा याहून स्पष्ट ठसा कुठे मिळणार?

मध्यंतर
ठसा आहे, मान्य. पण कोणाचा? सेन्सॉरच्या टेबलाचा. तुम्ही त्याला समाज म्हणताय.

बाल्कनी
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. चालू द्या.

ट्रॉली
मी मध्यंतर यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. आपण ज्याला 'काळाची संवेदना' म्हणतो, ती पुष्कळदा नुसती अडचण असते. इटलीत मुसोलिनीच्या राज्यात श्रीमंत दिवाणखान्यांतले गुळगुळीत विनोदपट निघत. सेटवर पांढरे टेलिफोन असत, म्हणून त्यांचं नावच 'पांढरे टेलिफोन' पडलं. ते बघून कुणी त्या वेळच्या इटलीचा अंदाज बांधला तर फसेल. मग १९४५मध्ये 'रोम, ओपन सिटी' आला. खऱ्या रस्त्यांवर चित्रण, खरी पडझड. समीक्षक भारावले. पण रस्त्यावर उतरण्यामागे नाइलाजही होता: रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत निर्वासितांची छावणी होती आणि चित्रणासाठीची कच्ची फिल्म मिळेल तेवढी तुकड्यातुकड्यांनी जमवावी लागत होती.

जुनं रीळ
स्टुडिओत निर्वासित राहतात आणि फिल्म मिळत नाही, हा काळ नाही तर काय आहे? तुम्ही माझीच बाजू मांडलीत की.

ट्रॉली
हम्म. वाद घालायचा म्हणून घालतो: तो काळ चित्रपटाच्या मागे आहे, पडद्यावर असेलच असं नाही. 'पांढरे टेलिफोन'वाल्यांच्या मागेही काळ होताच.

निगेटिव्ह
एक उदाहरण देते, त्यात पडद्यावर आणि मागे दोन्हीकडे काळ आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. दूरवर मासे पकडणाऱ्या एका जपानी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. बोटीवर २३ जण होते. त्यांपैकी एक सप्टेंबरमध्ये गेला. नोव्हेंबरमध्ये जपानात 'गोजिरा' लागला, ज्याला आपण 'गॉडझिला' म्हणतो. सुरुवातच बोटीवरून होते: समुद्रात लखलखाट होतो आणि बोट पेट घेते. तिथल्या प्रेक्षकाला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

आता गंमत बघा. १९५६मध्ये तोच चित्रपट अमेरिकेत गेला तेव्हा एका अमेरिकन वार्ताहराचे नवे प्रसंग चित्रित करून घुसवले आणि अणुबॉम्बचे बरेच संदर्भ कापले. राक्षस तोच, शहर तेच, पण दुखणं गायब. मध्यंतर, माझ्या मते या दोन प्रतींमधला फरक हाच पुरावा. एकटा चित्रपट बघून काळ सांगणं म्हणजे पत्रिका मांडणं. दोन प्रती शेजारी ठेवल्या की थापा मारायला जागा कमी उरते.

मध्यंतर
हे आवडलं. माझा विरोध आरसा म्हणण्याला आहे, हे आता मलाच नीट कळतंय. आरसा समोरचं जसंच्या तसं दाखवतो. इथे कापाकापीच जास्त बोलते.

जुनं रीळ
मग ऐतिहासिक चित्रपटांचं काय करणार? प्रभातचा शिवकालावरचा मूकपट 'स्वराज्याचे तोरण'. इंग्रज सरकारला त्यातलं 'स्वराज्य' खुपलं, म्हणून तो 'उदयकाल' नावाने आला. कथा सतराव्या शतकातली, धास्ती १९३०ची. अमेरिकन चित्रपट 'मॅश' घ्या, कथा कोरियाच्या युद्धाची, पण १९७०मध्ये तो बघणाऱ्याच्या डोक्यात व्हिएतनाम. मला तर वाटतं, जुन्या काळाचे कपडे घातले की चित्रपट स्वतःच्या काळाबद्दल जास्त मोकळं बोलतो.

मध्यंतर
'उदयकाल' मान्य. 'मॅश'मधलं व्हिएतनाम मात्र बरंचसं प्रेक्षकांच्या खुर्च्यांमध्ये होतं.

जाऊबाई
एवढी चर्चा झाली आणि 'जय संतोषी माँ'कडे कुणी परत फिरकलं नाही, याची गंमत वाटली. कमी खर्चात झालेला चित्रपट, त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या यशांपैकी एक. बायका चपला काढून थिएटरात बसत, पडद्यापुढे आरती होई. संतोषी मातेचं शुक्रवारचं व्रत घरोघरी पोचलं ते याच्यामुळे. देवी क्षणभर बाजूला ठेवा. उरतं काय? नवरा कमवायला परगावी गेलेला, इकडे सून एकटी, जावांचा जाच, आणि ऐकून घ्यायला देवीशिवाय कुणी नाही. 'दीवार'मधला गोदीतला हमाल तुम्हाला लगेच १९७५चा वाटतो. ही सून कोणत्या सालातली वाटते?